सिल्लारी गेट, सकाळचे सहा

भूगोलाच्या पेपरात पर्यटन
दोन गुणांचं असायचं.
फायदे लिहा : रोजगार, परकीय चलन, एकात्मता.
तीस वर्षं महालातल्या शाळेत
मी बरोबरच्या खुणा करत राहिले.

आज गेटवर, बोचऱ्या थंडीत,
खाकी स्वेटरमधली गाईड म्हणाली,
"वळखलं का मॅडम? बिंदिया कुसराम.
नववी ब. तुमी मले नापास केलं होतं."

जिप्सीत मागे धरमपेठेतलं कुटुंब.
वाघ कुठे, वाघ कधी,
पाचशे जास्त देतो, पण आत घे.
संत्र्याची साल टाकायला हात बाहेर निघाला.
बिंदियानं गाडी थांबवली.

"सालीसाठी वानर रस्त्यावर येते,
वानराच्या आसऱ्यानं चितळ,
चितळामागं तुमचा वाघ.
अन् गाड्या तं येतच राह्यते."

ओरडली नाही. मी ओरडायची.
तो माणूस साल मुठीत धरून बसला,
मग जॅकेटच्या खिशात.

मग म्हणे, दोन मिनिटं कोणी बोलू नका.
आम्ही बोललो नाही.
ऐनाची पानं,
कुठेतरी सुतार पक्षी ठोकत होता,
आणि माझ्या स्वतःच्या श्वासाचा आवाज,
जरा लाज वाटण्याएवढा मोठा.

वाघ दिसला नाही.

परतताना विचारलं, कशात गेली होतीस गं?
"नकाशात. पेंच नदी उलटी काढली म्हणे मी."
गाडीनं वळण घेतलं, तिनं हात केला :
"आमच्या घराकडून तशीच दिसते, मॅडम.
पाहा."