केसाएवढा स्पर्श

नायलॉनचा एक धागा आहे माझ्याकडे,
केसापेक्षा थोडा जाड, दांडीला चिकटवलेला.
तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा,
पाय मागे जातो का बघायचं.
अर्ध्या ग्रॅमहून कमी भार.
गेली एकोणीस वर्षं
मी एवढ्याशा वजनाची नोकरी करते आहे.

आज सतरा नंबर.
डिसेंबरात त्याच्या मज्जारज्जूत, चेचला होता तिथे,
मी मूळपेशी सोडल्या. दोन लाख, एका थेंबात.
सहा आठवडे तो मागचं धड ओढत फिरला
ओल्या पोत्यासारखं.
सातव्या आठवड्यात, मंगळवारी,
उजवा पाय जमिनीवर टेकला आणि टेकूनच राहिला,
मग डावा.
वेर्नेरी इतका ओरडला
की शेजारच्या पिंजऱ्यांतली खुडबूड थांबली.
मी धागा काढला.

पुढचा पंजा. पुढचा,
ज्याला कधीच काही झालं नव्हतं.
धागा टेकला, वाकलाही नव्हता अजून,
आणि सतरा नंबरने पंजा उचलला, चाटला,
कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवली.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
केस लागला तरी चटका बसतो त्याला आता.

पेशींनी मूळ धरलं होतं.
मी त्यांना रुजायला शिकवलं,
थांबायचं कुठे, ते शिकवायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, मलाच येत नाही ते.

वेर्नेरी म्हणाला, हा आलेख पुरवणीत टाकू.
पुरवणी कोण वाचतं?
म्हणून तर, तो म्हणाला.

रविवारी तौनोकडे गेले.
चार वर्षांपूर्वी छपरावरचं बर्फ काढताना पडला तो;
फावडं वरच राहिलं, बर्फ वितळेपर्यंत.
बेंबीखाली त्याला काही कळत नाही,
दुखणं सोडून.
"सौनाच्या तापल्या दगडांवर पाय ठेवून बसलोय," तो सांगतो,
"आणि कोणी उठू देत नाही."
पाय तर थंडगार असतात.
मी हात लावून पाहिलेत, त्याला विचारून.

काल्लावेसी तळं गोठलं होतं, हातभर जाड.
घसरगाडीवर बसल्या बसल्या त्याने भोक पाडलेलं,
गळ आत सोडलेला, दोऱ्याचा एक वेढा बोटाला.
मी सतरा नंबरचं सगळं सांगितलं,
आधी पंजा, मग पाय.
उलटं सांगितलं असतं तर
पंजापर्यंत पोचलेच नसते.

तो बराच वेळ भोकाकडे बघत होता.
"हात?"
"हात. कदाचित. शर्टाची बाहीसुद्धा सोसायची नाही."
त्याने मोकळ्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला,
बोटं पाहिली,
उसनी आणलेली, परत करायची असल्यासारखी.

"आणि ते दुसरं? नुसतं दुखणं बंद करणारं?"
"त्यावरही काम चाललंय," मी म्हटलं.
"पण मग खालून काहीच यायचं नाही."

तेवढ्यात दोरा थरथरला.
त्याने ओढला नाही.
मला जवळ बोलावून वेढा माझ्या बोटात घातला.
"दिसत काही नाही," तो म्हणाला,
"पण खाली कोणीतरी आहे."

मासा सुटला. दोघांनीही गळ परत सोडला नाही.
यादीत नाव ठेवू का, मी विचारलं.
"शिसपेन्सिलीने ठेव."

सोमवारी आलेख पुरवणीतून काढून
तिसऱ्या पानावर आणला. वेर्नेरी दिवसभर बोलला नाही.
सतरा नंबरच्या पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा उपसला,
जुन्या फ्लॅनेलचे तुकडे अंथरले.
नियमात बसत नाही. तशी नोंद केली.
तो मधोमध येऊन उभा राहिला,
मागचे दोन्ही पाय टेकवून,
पुढचा एक हवेत.

खूप वेळ.
मग, नख आधी, मग बोट,
फ्लॅनेलवर ठेवून पाहिलं त्याने.