तिसरी ताटली

झोपेत ताव्हेत्ती अजून ओंडके ढकलतो.
केमी नदीवरचं ते काम कधीच बंद पडलं,
हे त्याच्या पायांना कोण सांगणार?
आमच्या मधे आता दोन उशा.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं:
मेंदूच्या देठाशी एक कडी असते,
स्वप्नात अंगाला कोंडून ठेवणारी.
ती झिजलीय. झीज वर सरकतेय,
नजरेच्या खोल्यांकडे.

मार्चपासून शेगडीजवळच्या खुर्चीत
एक मुलगा येऊन बसतो. मोजे ओले.
ताव्हेत्ती घाबरत नाही,
जेवताना तिसरी ताटली मागतो फक्त.

आधी मी भांडले. त्या खुर्चीत बसून दाखवलं.
"अगं, चेंगरशील त्याला!"

काल विचारलं, आहे का अजून?
"झोपलाय. हळू बोल."

हळूच विचारलं,
मोजे कुठे वाळत घालू?