दोन किलो

पंच्याहत्तरी उलटली आणि नियमाप्रमाणे
माझा गोळा एक किलोने हलका झाला.
बाकी काहीच झालं नाही.
गॅसची टाकी तेवढीच,
चार मजल्यांचे जिने तेवढेच,
पाण्याची बादली तर वाढलीच असावी.

धोबीतलावच्या दुकानातून आणलेला नवा गोळा
आधी पोपटशेठच्या काट्यावर नेला.
गोल वस्तू काट्यावर थांबत नाही, घरंगळते,
म्हणून पातेल्यात ठेवला, मग पातेलं वजा केलं.
एक किलो नऊशे सत्तर.
शेठ म्हणाला, ताई, तीस ग्रॅमने काय होतंय?
एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली मी,
हेच वाक्य दादरपासून दहिसरपर्यंत ऐकलं
आणि ऐकून पावती फाडली.
गोळा बदलून आणला.
आता या वयात स्वतःलाच कुठे काटा मारायचा?

पहाटे साडेपाचला कामगार मैदान.
खिळा, सुतळी, चुन्याची पुडी:
सात फुटांचं वर्तुळ, रोज नवं,
कारण संध्याकाळपर्यंत पोरांचे पाय ते पुसून टाकतात.
गोळा मानेच्या खोबणीत, हनुवटीखाली,
ऑफिसात दोन्ही हात रजिस्टरवर असताना
फोन धरायचे, तसाच.
उजवा गुडघा आधी कुरकुरतो,
मग गप्प बसून माझं ऐकतो,
सरकारी शिपायासारखा.
पाठीतून निघालेला जोर
खांद्यापर्यंत येतो की वाटेतच कुठे चहाला थांबतो,
हे सुटल्याशिवाय कळत नाही.

सहा वाजता क्रिकेटवाले येतात.
पाय रेघेबाहेर गेला की तिकडून ओरडतात: नो बॉल!
त्यांच्यातला उन्मेष माझी टेप धरतो,
बदल्यात त्यांच्या एलबीडब्ल्यूचे निकाल मी देते.
दोन्हीकडे भांडणं होतात.

यादी आली परवा.
गोळाफेक, महिला, पंच्याहत्तर ते एकोणऐंशी:
नाव एकच. माझं.
म्हणजे वर्तुळात नुसती उभी राहिले,
गोळा पायावर पडू न देता पुढे सोडला
तरी सोनं.

अकरा वर्षं मी हरले ती कुमुदिनी तळपदेकडून.
कधी बारा सेंटिमीटर, एकदा तर दोन बोटं.
डोक्याला जाळी, कमरेला रुमाल,
आणि फेकण्याआधी सगळ्यांपुढे खजुराचा डबा.
मी कधी घेतला नाही. म्हणायचे, नंतर.
नंतर डबा रिकामा असायचा.

फोन केला. म्हणाली, खुबा बदललाय गं,
काठीशिवाय बाल्कनीसुद्धा परगाव वाटते.
तू जा, घेऊन ये.
एकटीचं कसलं आणायचं, म्हटलं.
ती थोडा वेळ गप्प.
मग एकदम, जुन्या आवाजात:
गोळा तोलून घेतलास ना?
घेतला.
काल किती गेला?
सहा चाळीस.
पुन्हा गप्प. पंख्याचा आवाज. कुणीतरी कुकर बंद केला.
मी सहा ऐंशी टाकला असता, म्हणाली,
आणि फोन ठेवला. नेहमीसारखाच,
आधी.

तेव्हापासून सहा ऐंशीवर एक रेघ मारते.
उन्मेष विचारतो, आजी, ही कुणाची?
सांगते, आहे एक बाई.
कालचा सहा एकाहत्तर.
तो टेप गुंडाळत म्हणाला, नऊच सेंटिमीटर राहिलेत की!
नऊ म्हणजे नऊ.
तीस ग्रॅम म्हणजे तीस ग्रॅम.

रविवारी स्पर्धा.
आधार कार्डाची झेरॉक्स, चार सेफ्टी पिना,
हात पुसायला जुन्या साडीचा तुकडा,
गुडघ्याचा पट्टा, भरून झालं.
खजुराचा डबा यंदा मीच घेतलाय,
बिया काढून, तिच्यासारख्या.
एक फेकण्याआधी खाणार आहे.