चार हजार एकशे सतरा

उणे ऐंशी अंशांत रक्त झोपत नाही,
थांबतं फक्त.
पिएलिनेन तळ्याकाठच्या चार गावांचं रक्त
कुओपिओच्या तळघरात, पांढऱ्या कपाटांत,
सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यापासून थांबलंय.

नळ्यांवरची लेबलं हिल्काच्या हातची.
बॉलपेनातली शाई गोठायची, म्हणून पेन्सिल.
नावं लिहायला मनाई, म्हणून आकडे.
पण ज्याचा दंड आपण बांधला
त्याचा आकडा कसा विसरायचा?

४११७ म्हणजे ओइवा.
लाकूडतोड्या, अस्वलाएवढा,
सुई पाहून पांढराफटक.
"खिडकीबाहेर बघ, स्प्रूस मोज," ती म्हणाली होती.
"किती झाले?"
"एकोणीस."
"झालं. ऊठ."
दाब एकशे तीस, ऐंशी.
"ठणठणीत आहेस," असंही म्हणाली होती,
आणि त्याने डबा उघडून राईच्या ब्रेडवर
बोटभर लोणी थापलं,
तिच्यासमोरच, पैज जिंकल्यासारखं.

सात वर्षांनी मार्चमध्ये तो तळ्याच्या बर्फावर सापडला,
भोकाशेजारी आडवा.
गळाला मासा लागलेला होता.
मासा जिवंत होता.

आता त्या नळीतल्या एका थेंबातून
यंत्राने तीन हजार प्रथिनं वेचली आहेत.
कुठलं हृदयाच्या ताणलेल्या भिंतीने सोडलेलं,
कुठलं स्नायूच्या उसवलेल्या धाग्याचं टोक,
कुठलं यकृताने वर्दी म्हणून धाडलेलं
(आपण तर दोघांनाही काळीजच म्हणत आलो).

डॉक्टर साटू पडद्यावर बोट टेकवते:
हा बघा, सगळ्यांत वर, लाल.
छातीत कधी कळ नाही, धाप नाही,
तरी रक्ताला ठाऊक होतं.
मॉडेलने बरोबर ओळखला!
हिल्का म्हणते, हो.
मेलेल्यांचं भविष्य चुकत नाही,
असं ती म्हणत नाही;
त्या पोरीचा आनंद खरा आहे,
तीन वर्षं ती या ठिपक्यांसाठी जेवण विसरली आहे.
हिल्का नुसती लेबल पाहते.
चाराचा पाय मोडका. तिथेच पेन्सिलीचं टोक तुटलं होतं.

आणि तो शब्द,
ठणठणीत,
तोही कुठल्या कपाटात असेल का अजून,
जसाच्या तसा?

जूनमध्ये ओइवाचा नातू येतो, वाल्तेरी,
चव्वेचाळीस, पवनचक्क्या दुरुस्त करतो,
ऐंशी मीटरवर दोराला लोंबकळून शीळ घालतो म्हणे.
एक्याऐंशीची हिल्का बस बदलून बदलून सोबत आली आहे,
कुणी बोलावलेलं नसताना.
त्याचा ठिपका पिवळा.
पिवळा म्हणजे?
साटू सांगते, तुमच्यासारखे शंभर जण घेतले,
तर दहा वर्षांत त्यातल्या नऊ जणांना...
"माझ्यासारखे शंभर?
आमच्या अख्ख्या गावात साठ माणसं आहेत."
साटू हसते. मग तो विचारतो,
"मी नवांतला की एक्याण्णवांतला?"

या प्रश्नाला पडद्यावर रकाना नाही.
साटू गोळीचं सांगते, सिगारेटचं, मिठाचं,
लोण्याचं सांगताना हिल्काकडे बघत नाही.
सहा महिन्यांनी परत या.
खरं तेच सांगते.
सत्त्याऐंशीत एवढंही
सांगायला कुणाकडे नव्हतं.

आणि आज आणखी एक नळी द्या.
नवी नर्स दंडाला पट्टा आवळते.
ऐंशी मीटरवर शीळ घालणारा माणूस
सुई पाहून पांढरा पडतो.
हिल्का उठून खिडकीचा पडदा सारते.
बाहेर स्प्रूस नाहीत, पार्किंग आहे.

"गाड्या मोज," ती म्हणते.

तो मोजतो.
सहाच आहेत,
म्हणून पुन्हा पहिलीपासून.