घोडं काऊन आलं

सेलूच्या जिनिंगवर मी काट्याची बाई.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
मधली वजाबाकी म्हणजे कापूस.
लाल आकडे थरथरतात, थांबतात,
मी पावती फाडते.
एवढंच येत होतं मला
छत्तिसाव्या वर्षापर्यंत.

पट मुंजाजीचा, रेक्झिनचा,
सरकीच्या पोत्यावर उलगडायचा.
घडीवर इतका झिजलेला
की मधली चार घरं काळी की पांढरी
ते आठवणीनं ठरवायचं.
एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी जॅकचा नट.
पावतीवर अंगठा देणारा हा हमाल,
भुवयांत कापूस अडकलेला,
नांदेडच्या मोंढ्यात एका पानवाल्याकडून शिकला म्हणे,
तेही रात्रीच्या रात्री हरून.

मी आपली वजनावर.
हत्ती पाच, उंट तीन, वजीर नऊ,
भाच्याच्या वहीतून पाठ केलेलं.
जे समोर दिसेल ते मारायचं
आणि मनात बेरीज.
मुंजाजी म्हणायचा,
"हात मांडीखाली ठेवा, मॅडम.
बोटाला डोळे नसतेत."
आणि मग दर खेपेला तेच,
बिडी विझवता विझवता:
"घोडं काऊन आलं इथं?
पहिलं त्याला इचारा."

मी विचारायची नाही.
घोडं अडीच घरं उडून
राजाला शह द्यायचं
आणि हत्ती घेऊन जायचं, नटासकट.

पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर हारी लिहिल्या.
सोळावी: वजीर फुकट.
सतरावी: तसंच.
अठरावी: घाई, बाहेर ट्रॅक्टर ओरडत होता.
(खोटं. ट्रॅक्टर नंतर आला.)
तेविसावी: घोडं दिसलं होतं. तरी.

एकदा, फेब्रुवारीत,
त्याचा एकटा राजा कोपऱ्यात
आणि माझ्याकडे वजीर, नट, वर दोन प्यादी.
हात कापत होते.
मी वजीर नेला थेट दाराशी,
त्याला हलायला एक घर उरलं नाही
आणि शहही नाही.
मुंजाजी हसला तेव्हा,
पहिल्यांदाच, खोकला लागेस्तोवर.
"बरोबरी झाली की!
एवढं कोंडू नाही माणसाला,
मारायच्या आधी जरा वारा लागू द्यावा."
रात्री भाकरी थापताना
तो वजीर मी सात वेळा मागं घेतला.

मार्चमध्ये पट्टे थांबले.
मुंजाजी जिंतूरकडं बहिणीच्या गावाला गेला.
"पट ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ, घरी उंदरं हायेत."
उन्हाळाभर केबिनमध्ये मी दोन्ही बाजूंनी खेळले.
या खुर्चीवरून एक चाल,
मग उठून त्या खुर्चीवर.
तिकडं जाऊन बसलं
की कळायचं, इकडची बाई किती वेंधळी.
तिच्या मनात काय आहे
ते मला माहीत असूनही
ती मला फसवायची कधीकधी.
पंखा बंद पडला की दोघी घामाघूम.

दिवाळीनंतर तो आला, एक दात कमी.
पट मांडला. मी काळी.
बारा-पंधरा चाली गेल्या असतील,
घोडं येऊन बसलं माझ्या राजाच्या जवळ,
साधंसुधं, शह नाही, काही नाही,
कुणी पाहुणा ओट्यावर टेकावा तसं.
पलीकडे त्याचं एक प्यादं
आयतं, उघडं, मार म्हणत होतं.

हात मांडीखाली.
काऊन आलं?
मी त्या घोड्याच्या जागेवरून पाहिलं,
अडीच घरं इकडे, अडीच तिकडे,
आणि एका घरावर माझं पोट गोळा झालं.
प्यादं सोडलं.
उंट मागे ओढून
त्या घरावर रोखून बसवला.

मुंजाजीनं बिडी काढली. पेटवली नाही.
घोड्याकडे बघितलं, उंटाकडे, मग नटाकडे.
बाहेर भरलेला ट्रक काट्यावर चढून
हॉर्न देत होता,
लाल आकडे केव्हाचे थांबलेले,
चहावर साय.
"थांबा वो," तो ड्रायव्हरवर ओरडला,
मान वर न करता,
"इचार करू द्या जरा."