पारोशी

कोपराच्या आत डास चावला होता.
मूळ एवढंच.
लुणावत मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणली,
पिवळी टोपी, आत गार पांढरं मलम.
लावलं की खाज पळायची,
रात्री परत यायची
चार बहिणी सोबत घेऊन.

मी अजून लावलं. लावत गेले.
डाग बोराएवढा, मग पुरीएवढा,
मग कोपर ते मनगट लाल,
पाणी सुटलेला, कडेला मोहरीसारखे फोड.
खैरनार ड्रायव्हर म्हणाले, मॅडम, गजकर्ण आहे हे.
शेजारच्या भामाबाईंनी कडुनिंब उकळून दिला.
मी त्या सगळ्यावरून परत मलम लावलं.
औषधावर संशय घ्यायची
सवयच नाही आपल्याला.

नाशिक-त्र्यंबक, सकाळची सहा-वीस.
बाही कितीही खाली ओढली
तरी तिकीट द्यायला हात पुढे करावाच लागतो.
एका रुपयासाठी सातपूरपर्यंत भांडणारी माणसं
म्हणू लागली,
राहू द्या, मॅडम, राहू द्या सुट्टे.
महिनाअखेर मोजले.
एकशे एकोणीस रुपये,
किळसेचे.
आगारात भरायचे तर कुठल्या खात्यात?

कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टर बागूलबाईंनी
हात फारसा पाहिलाच नाही.
ट्यूब मागितली.
चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं वाचली,
मी पास तपासते तशी,
फोटो, तारीख, शिक्का.
मग माझ्या पाठीवर चिकटवल्या
वीस टिकल्या, पेनाने आकडे घालून.
चार दिवस पाठीला पाणी लावायचं नाही.
(चार दिवस म्हटल्यावर
भामाबाईंना भलतंच वाटलं.)

त्यात सोमवार.
कुशावर्तात बुडी मारून आलेली अख्खी बस,
ओले केस, ओल्या पिशव्या, सीटखाली ओघळ,
सगळे धुऊन-पुसून घराकडे निघालेले
आणि त्यांच्यामधून मी, पारोशी,
कण्याच्या दोन्ही बाजूंना वीस गुपितं घेऊन,
पुढे चला, पुढे सरका.

पट्ट्या निघाल्या त्या रात्री
ईश्वरीने मोबाईलची बॅटरी मारली.
पाठ माझी,
वाचायची मात्र दुसऱ्यानेच.
एक कोरं. दोन कोरं. तीन,
थांब, घाम आहे. कोरं.
चौदाला गप्प झाली.
काय गं?
बोट न लावता म्हणाली,
इथे तुझा हात आहे, आई. छोटासा.

चौदा म्हणजे लोकरीतली चरबी.
बागूलबाई म्हणाल्या, औषध चांगलंय हो,
ते मऊ लागावं म्हणून मेंढीचं हे घालतात ना,
ते तुमच्या कातडीला चालत नाही.
मी ट्यूब हातात फिरवत राहिले.
म्हणजे खोट गुणात नव्हती.
मऊपणात होती.

परवा येताना अंजनेरीपाशी
धनगराच्या मेंढ्या आडव्या आल्या.
खैरनारांनी हॉर्न दिला नाही, इंजिनच बंद केलं.
धुळीतून ती मळकट लोकर हलत हलत गेली,
मला नुसत्या बघण्याने खाज सुटली,
माझं मलाच हसू आलं.

आणि सातपूरला एक आजोबा
दारातच अडले,
माझा एक रुपया राहिलाय, बाई.
मागचे ओरडायला लागले.
उतरा की, बाबा, एका रुपयासाठी काय!
आजोबा हलेनात.
तळवा माझ्या नाकासमोर उघडा.
मी बाही दुमडली,
खिशातून त्या एकशे एकोणिसातला
एक काढला
आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला,
बोट टेकवून, नीट.