सार्जंट बाळंत झाला

सार्जंट बाळंत झाला.
झाली, म्हणायला हवं,
पण जीभ वळत नाही.
दीड वर्ष त्याला दटावत आले,
पुरुषासारखा पुरुष तू,
आणि मांजर दिसलं की पलंगाखाली?

शनिवारपासून तोंडात आडवं गवत धरून फिरत होता,
मोठ्या मिशांच्या कस्टम अधिकाऱ्यासारखा.
मला वाटलं, खेळतोय.
मग गळ्याखालची लव उपटायला लागला,
मूठमूठ.
मला वाटलं, खरूज.
एलिसेओला फोन लावला, वर उत्तरेला, तांब्याच्या खाणीवर.
ससा त्याचाच, जाताना माझ्या गळ्यात घालून गेलेला.
तो म्हणाला, आई, मलम लाव.

इथे पुन्ता अरेनासला जूनची सकाळ म्हणजे रात्रच.
पत्रे वाऱ्याने वाजत होते.
न्हाणीघरात, बुटांच्या खोक्यात,
एलिसेओच्या जुन्या लोकरी टोपीत
पांढऱ्या लवेचा ढीग,
आणि ढीग हलत होता.

बोट घातलं. ऊन ऊन.
शिंपल्यातल्या कालवासारखे मऊ, डोळे मिटलेले,
कानांच्या जागी नुसत्या घड्या.
सहा.
त्यातलं एक गार.

शेजारचा ड्रागो पहार घेऊन आला,
जमीन गोठलेली, चार घाव घातले तेव्हा वीतभर खड्डा झाला.
मग तो बोटांवर मोजत बसला.
मे महिन्यात वाऱ्याने आपलं कुंपण पाडलं,
सार्जंट दोन दिवस माझ्या सशांत होता,
तुम्हीच म्हणालात, असू दे, पोरांत पोर.
मान खाली. कान लाल.
मी म्हटलं, झालं ते झालं, आता आपण व्याही.
त्याने दुपारी कोबीचा अख्खा गड्डा आणून दिला,
बाळंतविडा म्हणून असावा.

पण आई?
आई कपाटाजवळ, पाठ करून.
पोरांकडे ढुंकून बघेना.
मी तिला नाही नाही ते बोलले.
दूध कोमट केलं, औषधाचा ड्रॉपर शोधला,
डॉक्टर यास्नाला फोन लावला.
ती म्हणाली, ड्रॉपर ठेवून द्या.
रात्रीत एकदा येईल, पाच मिनिटं.
जवळ बसून राहिली तर कोल्ह्याला वास लागतो.
तुम्ही फक्त सकाळी पोटं बघा.

आमच्या न्हाणीघरात कोल्हा कुठून येणार,
पण हे तिला कोण सांगणार.

रात्री दिवा घालवून स्टुलावर बसले.
अडीचला नखं फरशीवर वाजली.
एक उडी.
मग काहीच नाही,
वाराही थोडा थांबल्यासारखा.
मग उडी, बाहेर.
हात घातला तर पाचही पोटं टम्म.

एलिसेओ तीन वर्षांचा होता तेव्हा
मी फेरीबोटीवर स्वयंपाकाला जायचे,
सामुद्रधुनीच्या पलीकडे, पोर्वेनीरला.
पहाटे यायचे, अंगाला तळलेल्या तेलाचा वास,
त्याला झोपेतच कुशीत घ्यायचे, परत निघायचे.
सासू गल्लीभर सांगायची, ही घरात असते कुठे?
तेव्हा मी उत्तर दिलं नाही.
आज सुचतंय
तर सासू नाही.

एलिसेओ रविवारी फोन करतो.
पाच मिनिटं.
मी ते आजवर घड्याळ लावून मोजत आले,
आणि ठेवल्यावर भांडी आपटत आले.
या रविवारी मोजायचं राहून गेलं.
त्याने विचारलं, टोपी कुठली, निळी?
म्हटलं, निळीच.
राहू दे मग, म्हणाला, मला लहान होते ती.

अकराव्या दिवशी एकाचा डावा डोळा उघडला.
उजवा अजून विचारात आहे.
सार्जंट कोबी खातोय.
खातेय.
मी दात घासायच्या आधी पोटं बघते,
आणि मग चहा.